झाड आहे, पाणी आहे, पुढे काय?

कोपरखैरण्याहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिने कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"बाई, मी ठाण्याच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला मराठी घेतलंय. या वर्षीपासून आम्हाला दर आठवड्याला वहीत एक पान लिहायचं असतं. शिकलेल्या कवितेवर किंवा कथेवर 'तुम्हाला काय वाटलं' ते. बालकवींची 'औदुंबर' मी दहा वेळा वाचली. झाड आहे, पाणी आहे, पुढे काय? मला काहीच वाटलं नाही. शेवटी गाईडमधून लिहिलं. मॅडमनी लाल पेनने शेरा मारला, 'हे तुझं नाही.' मैत्रिणींनी मोबाइलकडून लिहून घेतलं, त्यांना 'छान' मिळालं. वर्गात चर्चा असते तेव्हा नौपाड्यातल्या मुली भराभरा बोलतात. त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत. माझं न-ण चुकतं, म्हणून मी गप्प बसते. बाबा वाशीच्या मार्केटला माथाडी आहेत. गावच्या सप्ताहाला ते रजा टाकून जातात, कीर्तन ऐकताना डोळे पुसतात, पण मला म्हणतात, कविता शिकून काय होणार? त्यांना काय सांगू? आणि मला काही वाटतच नसेल, तर विषय बदलू का?"

प्रिय मुली,

विषय बदलू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "झाड आहे, पाणी आहे, पुढे काय?" हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं असतंस, तर मॅडमचा शेरा वेगळा आला असता. कारण ते तुझं आहे. दहा वेळा वाचून, कंटाळून, थोडं चिडून तू ते लिहिलंस. आणि खरोखरच या कवितेला विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे. तू प्रश्न बरोबर विचारलास, उत्तर लगेच आलं नाही, तेवढ्यावरून स्वतःला नापास करून मोकळी झालीस.

कविता इथे पुन्हा देते. घरात गडबड नसेल तेव्हा मोठ्याने वाच. मनातल्या मनात वाचलेली कविता निम्मीच ऐकू येते.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

यात भावनेचा शब्द शोध. दुःख, आनंद, उदास, एकटं. एकही नाही. 'मी'सुद्धा नाही. फार तर गावाला लावलेलं 'चिमुकले' आणि काळिम्याला लावलेलं 'गोड', एवढ्यावरून कवीच्या मनाचा काय तो अंदाज बांधायचा. गाईडमध्ये लिहिलेलं असतं, 'कवीच्या मनातील उदासीनता येथे व्यक्त झाली आहे.' ती उदासीनता शोधत तू दहा वेळा या आठ ओळींतून फिरलीस, आणि ती कुठे लिहिलेलीच नाही, मग सापडणार कशी? काय वाटतंय ते आधी बघायला गेलीस, म्हणून अडलीस. आधी काय दिसतंय ते बघायचं असतं.

पेन्सिल घे. रंगांखाली रेघा मार. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. आठ ओळींत सात वेळा रंग आला आहे. आता क्रम बघ. सुरुवात हिरव्याने होते आणि आपण काळ्यापाशी येतो. सहाव्या ओळीत तर दोन्ही शेजारी आहेत, 'हिरव्या कुरणामधुनि' आणि 'काळ्या डोहाकडे', आणि एकातून दुसऱ्याकडे वाट गेली आहे. शेवटच्या ओळीत रंगच नाही. एवढं मोठं झाड, पण कवीने त्याला हिरवं म्हटलेलं नाही.

मग क्रियापदं बघ. वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतोय, वाट चाललीय, काळिमा पसरतोय आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी बसलंय. वाहत्या पाण्यापासून निघालेली कविता बसलेल्या झाडापाशी येऊन थांबते. आता माणसं मोज. चार घरांचं गाव आहे म्हणजे माणसं असणार, पण दिसत कुणीच नाही. पायवाट चालली आहे, वाटेवर चालणारं कुणी नाही. ज्याला पाय आहेत असा या सगळ्या चित्रात एकच, तो औदुंबर. आणि त्याने ते पाण्यात सोडले आहेत.

पुढे एक शब्द बदलून बघ. औदुंबर आणि उंबर, झाड एकच. (मात्रा कमी पडतील, तेवढं सोड.) उंबर म्हटलं की ओढ्याकाठचं, फळांनी लगडलेलं, पाखरांचं झाड डोळ्यांपुढे येतं. औदुंबर म्हटलं की दत्त येतो, पार येतो, प्रदक्षिणा येते, आसन घालून बसलेलं कुणीतरी येतं. माझ्या वर्गात एका मुलीला इथे सगळं सोडून बसलेला साधू दिसला होता. त्याच बाकावरच्या मुलाला शाळा चुकवून बंधाऱ्यावर पाय सोडून बसलेलं पोर दिसलं. वर्ग हसला. मी त्याला विचारलं, कुठल्या शब्दावरून? त्याने 'पाय टाकुनी' या शब्दांवर बोट ठेवलं. साधू आसन घालून बसतो, पाय सोडून बसत नाही, म्हणाला. मी गप्प झाले, आणि त्यानंतर ही कविता शिकवताना त्या मुलाचं म्हणणं सांगितल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

राहिला 'असला'. असला म्हणजे असा, पण कसा? सात ओळी झाल्या, झाडाबद्दल एक अक्षर नाही, आणि आठव्या ओळीत कवी म्हणतो 'असला औदुंबर', जणू आपण त्याला कधीपासून बघतोच आहोत. या आठ ओळींवर मराठी समीक्षेत कितीतरी लिहून झालंय, तरी हा शब्द मला अजून पूर्ण सुटलेला नाही. तुझ्या वहीत नेमकं हेच लिहायचं असतं. जिथे अडलीस ती जागा, आणि तिथून बाहेर पडायला काय काय करून पाहिलंस ते. 'असला म्हणजे कसला?' एवढ्या एका प्रश्नावर पान भरतं.

एक गोष्ट मात्र सांभाळ. गाईडमध्ये कवीचा परिचय असतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९०, मृत्यू १९१८, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली. वयाची अठ्ठावीसही पुरी झाली नव्हती. हे वाचून मन हलतं, हलायलाच हवं. पण मग मुलं लिहितात, काळा डोह म्हणजे कवीला दिसलेला स्वतःचा मृत्यू. मी विचारते, कुठल्या ओळीत? कविता लिहिताना कवीला भादली माहीत नव्हती. ते आपल्याला माहीत आहे आणि आपण ते मागाहून डोहात टाकतो. तुला मृत्यू दिसला तर अवश्य लिही, पण तो हिरव्याकडून काळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दाखव, परिचयाच्या चौकटीत नको. 'मला असं वाटतं' हे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि ते म्हटलं की ओळीवर बोट ठेवणं आलंच. साहित्याच्या वर्गात शिस्त म्हणून एवढी एकच मी मानत आले.

मला स्वतःला ही कविता विशीत नुसती सुंदर वाटली होती. आई गेली त्या वर्षी वर्गात वाचताना 'चालली' या शब्दावर माझा आवाज अडकला. ओळ तीच होती. तेव्हा आज काही वाटलं नाही म्हणून घाबरू नकोस. शब्द नीट बघून ठेव, ते कधी लागतील सांगता येत नाही.

तू लिहितेस, "मला काही वाटतच नाही." हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त होऊन गेले. कवितेच्या चांगल्या वाचकाला त्यांचा शब्द आहे 'सहृदय'. सहृदय कोण, तर काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झालाय आणि त्यामुळे समोरच्या गोष्टीशी जो एकरूप होऊ शकतो, असा माणूस. 'अभ्यास' हा शब्द त्या व्याख्येतच आहे. घरात पुस्तकांचं कपाट असणं त्यात नाही, जन्मजात हळवेपण नाही. आरसा पुसायचा, रोज थोडा. आणि ज्यांना भराभरा बोलता येतं त्यांना सगळं कळलेलं असतं असंही समजू नकोस. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता वाचायला दिल्या आणि काय वाटतं ते लिहून घेतलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. एवढ्या नामांकित विद्यापीठातली ती मुलं, पण अनेकांना ओळींचा साधा अर्थही लागला नव्हता. कितीतरी जणांनी कवितेत नसलेल्या, ठरीव भावना लिहून दिल्या होत्या. नाव झाकलं की सगळे तुझ्या बाकावर येऊन बसतात.

आता तुझ्या बाबांकडे येते, कारण पत्रातला तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला.

सप्ताहात बुवा काय करतात ते आठव. पाठीमागे टाळकरी उभे, मृदंग, आणि दोन तासांसाठी हातात एकच अभंग. समज, तुकोबांचा हा:

कन्या सासुऱ्यासी जाये । मागे परतोनी पाहे ॥
तैसे झाले माझ्या जिवा । केव्हां भेटसी केशवा ॥

बुवा पहिलं चरण म्हणतात, टाळकरी उचलतात, पुन्हा म्हणतात, पुन्हा उचलतात. मग बुवा थांबून विचारतात, 'परतोनी' का म्हटलं? जाणारी पोर जातेच आहे, पाय पुढेच पडतायत, फक्त मान मागे वळते. पाय सासरी आणि डोळे माहेरी. तुकोबा म्हणतात, माझ्या जिवाचं तसं झालंय. मग बुवा विचारतात, इथे सासर कुठलं आणि माहेर कुठलं? संसारात पाऊल पडतंय आणि नजर पंढरीकडे, असं ना? समोर बसलेल्या प्रत्येक बापाला आपली पोर आठवते. पुढच्या चरणात आईला चुकलेलं बाळ येतं, शेवटच्या चरणात पाण्याबाहेरची मासोळी. मुलगी, बाळ, मासोळी. बुवा तो क्रम दाखवतात. मुलीला निदान मागे वळून बघता येतं. बाळ हुरहुरतं, पण आई सापडू शकते. मासोळीला वेळच नाही.

याला आपल्याकडे निरूपण म्हणतात. मोठ्याने म्हणणं, परत म्हणणं, एका शब्दावर थांबणं, त्याला प्रश्न विचारणं, आपल्या जगण्यातलं काही त्याच्याशेजारी ठेवून बघणं. तुझ्या वहीचं पान म्हणजे हेच, लहान प्रमाणात. दिवसभर गोणी उचलून आलेला माणूस एका 'परतोनी'वर डोळे पुसतो, त्याच्या घरात वाढलेल्या मुलीने मला साहित्य कळत नाही असं म्हणू नये. तुमच्या घरी कपाट नाही, पण तुझ्या बाबांना अभंग तोंडपाठ असणार, आणि तोंडपाठ असलेला माणूस शब्दाच्या जितका जवळ असतो तितका पुस्तक चाळणारा नसतो.

कपाटाची सोय ठाण्यातच आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. विनायक लक्ष्मण भाव्यांनी ते उभं करायला पुढाकार घेतला, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे तेच. स्टेशनपासून पायी जाता येतं. कॉलेज सुटल्यावर ट्रान्स-हार्बरची एक गाडी सोडलीस तरी तास मिळेल. सभासद हो. आणि तिथे बालकवींच्या बाकीच्या कविता वाच, एका कवितेवरून कवी ठरवू नये.

न-ण चं दुःख मी समजू शकते. पण ते गप्प बसण्याचं कारण होऊ देऊ नकोस. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, त्यांच्या कविता लेवा बोलीतल्या, आणि आज विद्यापीठांत त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. परीक्षेच्या पेपरात प्रमाण भाषा लिही, ते सरावाने जमतं. वर्गात मात्र तुला जसं येतं तसं बोल. पुढच्या तासाला फक्त एक वाक्य बोलायचं ठरव, आणि ते मत नको, निरीक्षण असू दे. 'या कवितेत पाय फक्त झाडाला आहेत.' एवढं म्हण आणि खाली बस. मतावर कुणी हसू शकतं. ओळीत जे आहे त्यावर हसता येत नाही, पुस्तक उघडून बघावंच लागतं.

कथा-कादंबरीवर पान लिहायचं असेल तेव्हा रंग आणि क्रियापदं पुरत नाहीत, तिथे आधी विचार, सांगतंय कोण? हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० च्या दशकातली. ती सांगते यमू, 'मी' म्हणून, आणि लिहिलीय एका पुरुषाने. यमू आपलं लहानपण सांगते तेव्हा त्या पोरीला पुढचं काहीच ठाऊक नसतं, पण सांगणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं. एखाद्या साध्या, हसऱ्या प्रसंगातही आपला जीव कासावीस होतो तो या दोघींमधल्या अंतरामुळे. तुझ्या अभ्यासक्रमातल्या कुठल्याही कथेला हे लावून बघ. सांगणाऱ्याला काय माहीत आहे, त्याने काय लपवलं आणि कधी सांगितलं. मुलं बहुतेक वेळा कथानक लिहून पान संपवतात. कथानक मॅडमना माहीत आहे.

मैत्रिणींचं तू लिहिलंस. मोबाइलने लिहिलेलं पान मीही वाचलंय, शेजारच्या मुलाने आणून दाखवलं होतं. वाक्यं नीटनेटकी होती. पण त्यात कुठे कुणी अडलेलं नव्हतं, एका शब्दाशी झटलेलं नव्हतं. 'छान' मिळालं असेल. तुझ्या त्या लाल शेऱ्याला मी जास्त मानते, कारण तुझ्या मॅडमनी तुझं पान खरंच वाचलंय आणि त्यांना तू हवी आहेस. अशा शिक्षिका सगळ्यांना मिळत नाहीत. मी स्वतः नोकरीची पहिली काही वर्षं नोट्स सांगत होते. मुलं उतरवून घेत, पेपरात तेच परत येई, आणि मी गुण देत असे. त्या मुलांचं मी काय हिरावून घेतलं ते कळायला मला फार वेळ लागला. याची खंत आजही आहे. मॅडमना जाऊन भेट. गाईडमधून लिहिलं होतं हे सरळ सांग, आणि रंगांखाली रेघा मारलेली कविता दाखव.

कविता शिकून काय होणार, याचं खरं उत्तर बाबांना दे, गोड नको. नुसत्या बी.ए.वर नोकरी लागते असं मी सांगणार नाही. पुढे बी.एड. आहे, एम.ए. आहे, अनुवाद, मुद्रितशोधन, वृत्तपत्रं आहेत, स्पर्धा परीक्षेत मराठीचा पेपर आहे. त्या प्रत्येकासाठी वेगळी मेहनत आणि अजून काही वर्षं लागतात. बाबा कष्ट करून तुला शिकवतायत, त्यांचा प्रश्न रास्त आहे. तेव्हा तुझा बेत कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव, कुठल्या वर्षी काय करणार ते.

आणि मार्केटला सुट्टी असेल त्या दिवशी त्यांना 'कन्या सासुऱ्यासी' म्हणायला सांग. चाल लावूनच म्हणू देत. मग विचार, बुवांनी 'परतोनी'वर काय सांगितलं होतं. ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, दुरुस्त करू नकोस. त्याखाली 'औदुंबर'मधली वाट आणि ही वाट, दोन्ही शेजारी ठेवून तुला काय दिसतं ते लिही. एका वाटेवर मागे बघणारी मुलगी आहे, दुसऱ्या वाटेवर कुणीच नाही. वही मॅडमकडे देण्याआधी ते पान बाबांना वाचून दाखव, आणि ते मध्येच काही बोलले तर तेही समासात टिपून ठेव.

तुझी,
बाई